आमच्या घरची वाम

दिवाळीत फराळाला येणारा पाहुणा आमच्या बैठकीच्या खोलीत शिरला, की त्याची नजर आधी जाते ती चार फूट लांबीच्या काचेच्या टाकीवर. चकलीचा तुकडा मोडता मोडता तो टाकीत डोकावतो, या बाजूने पाहतो, त्या बाजूने पाहतो आणि शेवटी अंमळ चाचरतच विचारतो, "मासे... गेले वाटतं?" आम्ही घरातली माणसे एकमेकांकडे पाहून हसतो. टाकीत पाणी आहे, तळाशी चार बोटे वाळू आहे, मातीच्या नळीचा एक तुकडा आहे, थोडे शेवाळ आहे. मासा मात्र कुठे दिसत नाही. "आहे हो, आहे," सौ. त्याला धीर देते, "वाळूत निजलीय. रात्री दहानंतर आलात तर भेटेल."

ही आमच्या घरची वाम. आमच्याकडे येऊन तिला दहा वर्षांहून अधिक काळ लोटला आणि त्यातली निम्म्याहून अधिक वर्षे तिने वाळूत तोंड खुपसून काढली आहेत. असा न दिसणारा मासा पाळण्यात काय गंमत, असे पुष्कळांनी मला विचारले. सुरुवातीला मीही स्वतःला तेच विचारत असे.

वाम म्हटल्यावर मुंबईकर वाचकांच्या डोळ्यांपुढे कोळणीच्या पाटीतली समुद्रातली वाम येईल. ती निराळी. मी सांगतो आहे ती गोड्या पाण्यातली, कृष्णा-भीमेच्या काठच्या लोकांना ठाऊक असलेली. दिसायला सापासारखी लांबोडकी, तपकिरी अंग, त्यावर काळपट नागमोडी नक्षी. लोक तिला इंग्रजीत 'ईल' म्हणतात, पण खऱ्या ईलशी तिचे नाते दूरचे. खऱ्या ईल विणीसाठी नदी सोडून समुद्रात जातात. वाम गोड्या पाण्यातच जन्मते, तिथेच वाढते, तिथेच विते. शिवाय तिच्या पाठीवर, मुख्य पराच्या पुढे, तीसेक सुटे काटे एका ओळीत असतात. एरवी ते निमूट पडलेले असतात. कोणी तिला मुठीत धरले, की ती अंग मागे रेटते आणि काटे उभे करते. मग धरणारा आपण होऊनच सोडतो! लासेपेद नावाच्या फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञाने १८०० साली तिचे शास्त्रीय वर्णन केले, तेव्हा तिला 'आर्माटस' म्हणजे शस्त्रधारी असे नाव दिले ते उगीच नाही.

तिचे खरे वैभव मात्र काट्यांत नाही, नाकात आहे. वरच्या ओठापुढे तिला एक लहानशी मांसल सोंड असते, आणि त्या सोंडेच्या दोन बाजूंना नाकपुड्यांच्या दोन बारीक नळ्या. ही सोंड अखंड हलत असते. डावीकडे, उजवीकडे, जणू आंधळ्याच्या हातातली काठी. डोळे बारीक आणि त्यांवर तिची भिस्तही थोडीच. अंधारात, गढूळ पाण्यात ती जग हुंगून ओळखते.

ती आमच्याकडे आली ती अगदी अवचित. २०१४ सालच्या डिसेंबरात आम्ही सगळे भिगवणला गेलो होतो. निमित्त होते रोहित पक्ष्यांचे; चिरंजीव तेव्हा दहा वर्षांचा होता आणि शाळेत कोणीतरी त्याला उजनीच्या पाण्यावरच्या त्या गुलाबी पक्ष्यांविषयी सांगितले होते. आई बरोबर आली ती पक्ष्यांसाठी नव्हे. तिचे माहेर त्या बाजूचे, पळसदेवजवळचे, भीमेच्या काठचे. उजनी धरणाचे काम १९६६ साली सुरू झाले आणि १९८० साली पुरे झाले. त्या पाण्याखाली जी गावे गेली त्यांत तिचेही गाव गेले. मामांचे घर पुढे वर माळावर झाले. आई दरवर्षी तिकडे जाई, भावाला भेटे, आणि पाण्याकडे पाठ करून बसे.

पक्षी पाहून परतताना आम्ही भिगवणच्या मासळी बाजारात थांबलो. कटला, रोहू, चिलापी यांचे ढीग होते. एका घमेल्यात थोडे पाणी आणि त्यात वळवळणाऱ्या दोन काड्या. काड्याच म्हणायच्या, कारण जाडी पेन्सिलीएवढी आणि लांबी माझ्या हाताच्या वितीहून कमी. चिरंजीव तिथून हलेना. मासेवाला हसून म्हणाला, "ह्या बारक्यांना कोण घेतंय? न्या दादा पोरासाठी. पर झाकण घट बसवा, लई पळपुटी जात हाय." पैसे त्याने घेतले नाहीत. पिण्याच्या पाण्याच्या पाच लिटरच्या कॅनमध्ये त्या दोघी पुण्यापर्यंत आल्या.

घरी आधीच्या दिवाळीत घेतलेली दोन फुटांची टाकी होती. तिच्यात डझनभर गप्पी आणि तळाशी निळ्याशार रंगाची खडी. दुकानात ती खडी फार शोभिवंत दिसली होती. वामी टाकीत सोडल्या आणि त्या तळाशी जाऊन डोके खाली खुपसू लागल्या. आम्हांला वाटले, खेळताहेत. आठ दिवसांत दोघींच्या तोंडाला आणि कुशीला ओरखडे पडले आणि ओरखड्यांवर कापसासारखी बुरशी धरली.

इथे माझ्या हातून जे झाले ते मी लपवून ठेवणार नाही, कारण असा प्रमाद हौशी माणसांच्या हातून वारंवार होतो. मी दुकानदाराकडे गेलो. त्याने हिरव्या औषधाची एक बाटली दिली. बाटलीवर लिहिले होते तेवढे थेंब मी टाकले, आणि संध्याकाळपर्यंत गुण दिसेना म्हणून तेवढेच आणखी टाकले. गप्पींना काही झाले नाही. वामीचे खवले मात्र अतिशय बारीक आणि कातडीत रुतलेले असतात; ती जवळजवळ उघड्या अंगाची. तांबे किंवा मॅलॅकाइट ग्रीन असलेली औषधे इतर माशांना सोसतात, तेवढ्याच मात्रेत ती वामीच्या जिवावर बेततात. सकाळी दोघींपैकी एक पाण्यावर आडवी तरंगत होती. चिरंजीव शाळेत गेला नाही.

आई देवपूजा आटोपून बाहेर आली. तोवर तिने त्या टाकीत कधी डोकावून पाहिले नव्हते. काचेत जीव कोंडणे तिला मुळीच मान्य नव्हते. त्या दिवशी तिने पाहिले, आणि मला म्हणाली, "अरे, तिला हे दगड कशाला टोचतोयस? वाम वाळूत निजते. आमच्या घाटाखाली गुडघाभर पाण्यात उतरलं, की पायाखालची वाळू वळवळायची. आम्ही पोरी किंचाळून वर यायचो."

मी पुस्तके चाळली होती, चार जणांना विचारले होते. पण ज्याला विचारायला हवे ते माणूस घरातच होते!

त्याच दिवशी निम्म्याहून अधिक पाणी बदलले, खडी फेकून दिली आणि नदीची बारीक वाळू आणली. वाळू चाळणीने चाळून, पाणी नितळ निघेपर्यंत धुवावी लागते. मी बादलीत अकरा वेळा धुतली, तेव्हा कुठे सौ.ने पसंतीची मान हलवली. वाळू मऊ हवी, बोटांत चोळली तर बोचता कामा नये, आणि थर निदान तीन-चार बोटे तरी हवा. उरलेली वाम त्या वाळूवर क्षणभर थबकली. मग शेपटीकडून सुरुवात करून, अंग थरथरवत, मागे मागे सरकत ती वाळूत उतरली. पाहता पाहता नाहीशी! फक्त सोंडेचे टोक वर राहिले. ओरखडे महिन्याभरात आपोआप बरे झाले, कसल्याही औषधावाचून.

आता प्रश्न उभा राहिला तिच्या खाण्याचा. दुकानातले कोरडे खाद्य तिने हुंगलेसुद्धा नाही. दिवसा दिलेले काहीच ती खात नसे आणि तरीही ती दिवसेंदिवस भरत चालली होती. त्याच सुमारास गप्पी कमी होऊ लागल्या. बारा होत्या त्या नऊ झाल्या, मग सहा. आधी संशय समोरच्यांच्या मांजरीवर गेला, मग मोलकरणीच्या लहान मुलावर. (त्या पोराची मी मनोमन क्षमा मागितली आहे.) एका रात्री दोन वाजता पाणी प्यायला उठलो तो टाकीच्या वरच्या थरात, झोपेने सुस्तावलेल्या गप्पींच्या खालून, एक लांब सावली संथपणे सरकताना दिसली. सोंड हलली, आणि 'टप्' असा बारीक आवाज झाला. पाच उरल्या.

वामीचे तोंड दिसायला एवढेसे. पण त्यात मावेल तो मासा तिचे भक्ष्य. तिच्या सोबतीला ठेवायचे तर तिच्या तोंडात न जाणारे, शांत स्वभावाचे, मोठे मासे ठेवावेत. आम्ही पुढे टिनफॉइल बार्ब जातीचे तीन ठेवले.

खाण्याचा प्रश्नही आईनेच सोडवला. "गांडूळ दे," ती म्हणाली, "गळाला आम्ही तेच लावायचो." खालच्या मजल्यावरच्या बिऱ्हाडाने गच्चीत कचऱ्याचे खत करायला पिंप ठेवले होते, तिथून रोज चार गांडुळे मिळू लागली. ती आदल्या रात्री ओल्या फडक्यात ठेवावी, म्हणजे पोटातली माती निघून जाते. औषधफवारणीच्या शेतातली गांडुळे कधी आणू नयेत. गांडूळ नसेल त्या दिवशी सोललेल्या कोळंबीचा तुकडा चालतो. ती दुकानातल्या बर्फातल्या लाल अळ्याही आवडीने खाते. दिव्याला लाल कागद गुंडाळून खोलीत अंधार केला, की ती बुजत नाही. सहा महिन्यांनी ती चिमट्यातून घेऊ लागली आणि वर्षाच्या आत आईच्या बोटांतून. माझ्या बोटांतून तिने घेतले ते त्यानंतर कितीतरी दिवसांनी. आई रात्री साडेनवाला पाटावर बसून हाक मारी, "चल गं, ये बाई." हाक तिला ऐकू येत होती असे मी म्हणणार नाही. पण पाटाचा धक्का जमिनीला लागे, तो तिला कळत असावा. वाळू हाले आणि सोंड वर येई.

या बैठकीत आई बोलू लागली. एरवी ती गावाविषयी चकार शब्द काढत नसे. आता चिरंजीव मांडी घालून शेजारी बसे आणि ती त्याला सांगे: घाटाला किती पायऱ्या होत्या, उंबराची मुळे पाण्यात कुठवर गेली होती आणि त्या मुळांत वामी कशा दडत, पळसनाथाच्या देवळाकडे जाणारी वाट कुठल्या मळ्यातून जाई. मी तिचा मुलगा. पन्नाशीला आलो तरी यातले निम्मे मला ठाऊक नव्हते.

२०१६ च्या पावसाळ्यात वाम पळाली. मासेवाल्याने बजावले होते, पण हवेची नळी आत जायला झाकणात दोन बोटांची फट होती आणि तेवढी तिला पुष्कळ झाली. सकाळी टाकी रिकामी. वाळू उपसली, नळी पाहिली, कपाटे सरकवली. शेवटी सौ.ने मोरीपाशी फरशी पुसायचे ओले फडके उचलले, तो आत केसांनी आणि धुळीने माखलेली वाम वेटोळे घालून बसलेली! अंग ओलसर राहिले म्हणून ती तगली होती. तिला हाताने न धरता फडक्यासकट उचलून पाण्यात सोडले. तेव्हापासून झाकणाची प्रत्येक फट स्पंजने बुजवलेली असते आणि वर दासबोध नाही, पण टेलिफोनची जुनी डिरेक्टरी ठेवलेली असते. ज्यांना वाम पाळायची आहे त्यांनी मासा आणण्याआधी झाकण पाहावे.

तिसऱ्या वर्षी ती दीड फुटाची झाली. ही जात नदीत तीन फुटांपर्यंतही वाढते, हे मला तोवर कोणी सांगितले नव्हते. दुकानात आणि बाजारात ती वीतभर दिसते आणि तिथेच माणूस फसतो. लहान घरात ठेवायची तर तिची धाकटी बहीण बरी: हॅमिल्टन या डॉक्टराने गंगेतल्या माशांवरच्या आपल्या १८२२ च्या ग्रंथात जिचे वर्णन केले ती 'पॅनकॅलस', जेमतेम वीतभर वाढणारी. आमची मात्र मोठी निघाली. चार फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच अशी टाकी करायची तर तिच्यात अडीचशे लिटरच्या आसपास पाणी मावते, म्हणजे अडीचशे किलो वजन, वाळू आणि काच वेगळीच. सोसायटीच्या चिटणीसांनी कपाळाला हात लावला. अखेर तुळईच्या वर, भिंतीलगत जागा ठरली.

पण टाकीची ऑर्डर देण्याआधी घरात वाद झाला. आई म्हणाली, "कशाला एवढा खर्च? मोठी झालीय. तिला तिच्या पाण्यात नेऊन सोड."

मला ते करणे सोपे होते. सुट्टीच्या दिवशी दोन-अडीच तासांची वाट. तरी मी नाही म्हणालो. दुकानातले मासे कुठून कुठून, परदेशांतूनही येतात; त्यांच्या पाण्यात राहिलेला मासा कोणता रोग बरोबर घेऊन जाईल ते डोळ्यांना दिसत नाही. आणि काचेतून नदीत गेलेल्या माशांनी काय होते ते उजनीच्याच मच्छीमारांना विचारावे. टाकीची काच चाटायला म्हणून लोकांनी आणलेला दक्षिण अमेरिकेतला सकर मासा आता त्यांच्या जाळ्यांत येतो आणि काटेरी अंगाने जाळी फाडतो. हे सगळे मी आईला समजावून सांगितले. ती बराच वेळ गप्प राहिली.

"मग तिचंही गाव बुडालं म्हण की," ती म्हणाली आणि आत गेली.

मोठी टाकी आली. पण आई रात्री पाटावर बसेनाशी झाली. "तूच घाल तिला," एवढेच म्हणे. वामीला चिमट्याने गांडूळ देताना मला माझ्याच घरात चोरट्यासारखे वाटे. मी बरोबर होतो, आणि त्याने काही भागत नव्हते.

२५ सप्टेंबर २०१९ ची रात्र पुणेकर विसरणार नाहीत. आंबिल ओढ्याला पूर आला, वस्त्यांतून पाणी शिरले, माणसे गेली. आम्ही तिसऱ्या मजल्यावर. आम्हांला पाण्याने काही केले नाही, पण वीज गेली ती दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत आली नाही. खालच्या दोन कुटुंबांना वर आणले, चहा केला, पोरांना निजवले. मध्यरात्रीनंतर मेणबत्ती घेऊन टाकीकडे पाहिले, तर बार्ब पृष्ठभागाशी येऊन तोंडे उघडत होते आणि वाम वाळू सोडून उभी, नाक पाण्याबाहेर काढून. हवेचा पंप बंद, गाळणीही बंद. ज्या रात्री खाली माणसांचे संसार वाहत होते त्या रात्री माशाची चिंता करणे मला लाजिरवाणे वाटले, म्हणून मी कोणाला काही बोललो नाही. तांब्या घेतला, टाकीतले पाणी भरून घ्यायचे आणि हातभर उंचीवरून परत ओतायचे. पाणी असे फुटले, की त्यात हवा मिसळते.

तासाभराने खांदा भरून आला. तेवढ्यात मागून आईचा हात पुढे आला. "दे इकडे." ती खुर्ची ओढून बसली. मग आम्ही आळीपाळीने ओतत राहिलो. खाली रस्त्यावर पाण्याचा आवाज आणि वर तांब्याची धार. पहाटेच्या सुमाराला ती म्हणाली, "धरणाचं पाणी चढलं ना, ते असं आवाज करत नाही आलं. रोज एक पायरी. आम्ही रोज मोजायचो." नंतर म्हणाली, "बघ, खाली गेली." वाम वाळूवर उतरली होती. एक बार्ब सकाळी मेला. दोन वाचले.

दुसऱ्या दिवशी रात्री साडेनवाला पाट पुन्हा टाकीपुढे मांडलेला होता.

आई २०२२ साली गेली. २०२४ च्या उन्हाळ्यात उजनीचे पाणी फार खाली गेले आणि पळसनाथाचे देऊळ उघडे पडले. मी आणि चिरंजीव, जो आता माझ्याहून उंच झाला आहे, पाहायला गेलो. भेगाळलेल्या गाळातून चालत देवळापर्यंत जाता आले. पलीकडे आईने सांगितलेला घाट कुठे असेल याचा अंदाज चिरंजीवच मला सांगत होता. त्याला वाट पाठ होती. उंबर अर्थातच नव्हता. काही पायऱ्या दिसल्या, त्या तिच्याच घाटाच्या असतील असे समजून त्याने मोजल्या. उरलेल्या पाण्याच्या कडेला एक होडी ओढून ठेवलेली होती आणि तिच्यात जाळे वाळत होते.

घरी पोहोचायला अकरा वाजले. दिवा न लावताच चिरंजीवाने पाट ओढला आणि मी फडक्यातली गांडुळे आणायला गेलो. वाळू आधीच हालत होती.